बॉटल टाईप एफआरपी कूलिंग टॉवर: लहान कारखान्याने घ्यावा का?

मोल्डिंग, इंडक्शन फर्नेस, हायड्रॉलिक प्रेस अशा कामांसाठी एमआयडीसीतल्या शेडमागे हाच गोल, बाटलीच्या आकाराचा फायबरचा (एफआरपी) टॉवर दिसतो; मशीनमधून आलेलं गरम पाणी तो हवेने थंड करतो. ताशी ६० घनमीटर पाणी ३७ अंशांवरून ३२ वर आणणारा टॉवर धरून लिहितो. थोडक्यात मत: वस्तू चांगली, गंजत नाही, जागा कमी खाते. पण कोटेशनमध्ये जे लिहिलेलं नसतं, तेच पुढे महागात पडतं.

पहिली गोष्ट वेट बल्ब, म्हणजे ओलं फडकं गुंडाळलेल्या थर्मामीटरवर दिसणारं हवेचं तापमान. टॉवर कितीही मोठा घेतला तरी पाणी हवेच्या वेट बल्ब तापमानाखाली जात नाही. ३ ते ४ अंश वरच थांबतं. २५ अंश वेट बल्ब धरून निवडलेला टॉवर स्वस्त पडतो. कोकणपट्टीत पावसाळ्यात वेट बल्ब २८ ला टेकला की तोच टॉवर ३२ ऐवजी ३४ च्या आसपास पाणी देतो. म्हणून ऑर्डरवर नुसतं ‘इतके टीआर’ (टन रेफ्रिजरेशन, म्हणजे थंड करण्याची क्षमता) चालत नाही. पाण्याचा प्रवाह, आत-बाहेरचं तापमान आणि वेट बल्ब, चारही आकडे लिहून घ्या.

या टॉवरचा नाजूक भाग म्हणजे स्प्रिंकलर, वरून पाणी शिंपडणारा फिरता फवारा. तो पाण्याच्या जोरावरच फिरतो. पंप कमी पाणी देत असेल किंवा भोकांत क्षार बसले असतील तर तो अडकतो, पाणी एकाच पट्ट्यात पडतं आणि बाकीचे फिल (पाणी पसरवणारं आतलं भरण) कोरडे राहतात. कोरड्या-ओल्याच्या सीमेवर पांढरी खपली दिसली की समजायचं. पाण्यात गाळ किंवा तेल येत असेल तर मधमाशांच्या पोळ्यासारखे पीव्हीसी फिल लवकर तुंबतात; तिथे स्प्लॅश फिलचा (पट्ट्यांवर पाणी आपटून थेंब करणारा) टॉवरच बरा. आणि ५५ अंशांवरचं पाणी साध्या पीव्हीसीवर सोडू नका, फिल वाकतात.

ड्रिफ्ट एलिमिनेटर, म्हणजे हवेबरोबर उडणारे थेंब अडवणारी जाळी, ‘ऑप्शनल’ म्हणून वगळू नका. ०.२ टक्के थेंब उडाले तर ताशी १२० लिटर केमिकलयुक्त पाणी शेजारच्या शेडवर जातं. ०.०२ टक्क्यांचा एलिमिनेटर लावला तर १२ लिटर.

आता खरा हिशेब पाण्याचा. इथे ताशी साधारण ४६० लिटर पाण्याची वाफ होते, ती टळत नाही. वाफ गेली की क्षार मागे साचतात; ते कमी ठेवायला मुद्दाम सोडायचं पाणी, म्हणजे ब्लोडाउन, तेवढं आपल्या हातात असतं. क्षार दुप्पट होऊ दिले तर ताशी ४६० लिटर सोडावं लागतं, चौपट होऊ दिले तर १५३. चोवीस तास चालणाऱ्या प्लांटमध्ये दिवसाला सुमारे ७,४०० लिटरचा फरक. पण प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीपत्रात बाहेर सोडायच्या पाण्यातल्या टीडीएसची (विरघळलेल्या क्षारांची) मर्यादा बऱ्याचदा २१०० मिलिग्रॅम प्रति लिटर असते. बोअरचं पाणी ६०० टीडीएसचं असेल तर साडेतीन पटीलाच ती गाठली जाते. सॉफ्टनर इथे उपयोगाचा नाही. तो कडकपणा घालवतो, टीडीएस नाही. मेकअपला (कमी झालेलं भरून काढायच्या पाण्यात) थोडं आरओचं पाणी मिसळा किंवा नळाचं कमी टीडीएसचं पाणी घ्या. कंडक्टिव्हिटी कंट्रोलर (पाण्यातले क्षार मोजणारं यंत्र) आणि ऑटो ब्लोडाउन व्हॉल्व्ह टॉवरसोबतच मागवा. ऑपरेटरने अंदाजाने व्हॉल्व्ह उघडणं म्हणजे एक तर पाणी वाया, नाहीतर मशीनच्या कंडेन्सरमध्ये स्केल, म्हणजे क्षारांचा थर.

गंज रोखण्यासाठीचं क्रोमेटवालं जुनं केमिकल कोणी स्वस्तात देत असेल तर दारातूनच परत पाठवा. नदी-नाल्यात सोडायच्या पाण्यात हेक्झाव्हॅलंट क्रोमियम ०.१ मिलिग्रॅम प्रति लिटरच्या वर चालत नाही.

बसवताना सर्वांत जास्त दुर्लक्षित राहतो तो बेसिनचा (टॉवरच्या तळाच्या टाकीचा) ओव्हरफ्लो पाइप. पंप बंद झाला की हेडर आणि वरच्या पाइपातलं पाणी उलटं खाली येतं. बॉटल टाईपचं बेसिन उथळ, फ्लोट व्हॉल्व्हने ते काठापर्यंत भरलेलं, त्यामुळे दर बंदला पाणी सांडतं आणि पाइप पावसाळी गटारात सोडलेला असेल तर थेट बाहेर जातं. पंपाच्या डिलिव्हरीला एनआरव्ही (पाणी उलटं येऊ न देणारा व्हॉल्व्ह) लावा, फ्लोटची पातळी खाली घ्या, आणि ओव्हरफ्लोसह ब्लोडाउन ईटीपीच्या (सांडपाणी प्रक्रिया यंत्रणेच्या) कलेक्शन टाकीला जोडून त्यावर मीटर बसवा.