डॉक्टरांची, फक्त रविवारी फिरणारी गाडी

भोसरी एमआयडीसीत माझं छोटं मशिन शॉप आहे. तीन सीएनसी, एक व्हीएमसी, म्हणजे धातू कापणारी संगणकी यंत्रं, आणि आठ माणसं. आमच्याकडे दिवसभर बोलणं चालतं ते मायक्रॉनमध्ये, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागात. वीस मायक्रॉन इकडेतिकडे झाले म्हणून अख्खा लॉट परत आलेला मी पाहिलाय. रंगाची जाडी मोजायचं यंत्रसुद्धा माझ्या टेबलाच्या ड्रॉवरमध्ये असतं, कारण पावडर कोटिंग करून आलेले पार्ट तपासून द्यावे लागतात. हे आधीच सांगतोय, कारण पुढचं वाचून ‘बिचाऱ्याला यंत्रातलं काही कळत नसेल’ असं कुणी म्हणू नये. कळत होतं. गाडीचा पत्रा ठोकून पुन्हा रंगवला असेल तर तेही या यंत्राने कळतं, पण गाडी बघायला जाताना ते ड्रॉवरमध्येच राहिलं.

चाळिशीपर्यंत स्विफ्ट चालवली. मग एकदा एका कस्टमरच्या जर्मन सेडानमध्ये चाकणहून पुण्यापर्यंत आलो आणि डोक्यात किडा शिरला. दोन लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, अडीचशेच्या आसपास हॉर्सपॉवर, मागच्या चाकांना ताकद. गाडीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं की सगळी चर्चा त्या नावाचीच होते, आणि मला फसवलं ते गाडीने नव्हे.

नवी घ्यायची माझी ऐपत नव्हती. पण असल्या गाड्यांची किंमत पहिल्या तीन-चार वर्षांत धाडकन उतरते. नवी असताना रस्त्यावर येईपर्यंत पन्नास लाखांच्या पुढे गेलेली गाडी सात वर्षांनी सोळा-सतराला मिळते, म्हणजे चांगल्यापैकी क्रेटाच्या पैशांत. यातली मेख अशी, की उतरते ती गाडीची किंमत. पार्ट अजूनही पन्नास लाखांच्या गाडीच्याच भावाने येतात. हे मला माहीत होतं. एक्सेलच्या शीटमध्ये ‘दुरुस्ती राखीव : 2 लाख’ असा रकानाही केला होता.

आठ महिने अभ्यास केला. कुठल्या वर्षाचं इंजिन चांगलं, कुठल्यात टायमिंग चेनचे (इंजिनाचे व्हॉल्व्ह वेळेवर उघड-बंद करणाऱ्या साखळीचे) प्लॅस्टिक गाइड लवकर झिजतात, कूलंटचे प्लॅस्टिक जॉइंट कधी तडकतात, ऑइल फिल्टर हाउसिंगची गॅस्केट कितीला पडते, सगळं तोंडपाठ. गिअरबॉक्स आठ स्पीडचा, झेडएफ या जर्मन कंपनीचा. त्याचं ऑइल आयुष्यभर चालतं असं गाडीवाले सांगतात, पण स्वतः झेडएफ ते 80 हजार ते 1 लाख 20 हजार किलोमीटरच्या दरम्यान किंवा आठ वर्षांत बदला म्हणते. गाडी 38 हजार चाललेली असेल तर त्याला अजून वेळ आहे, असा माझा हिशोब. बायको म्हणाली, “एवढा अभ्यास दहावीला केला असतास तर?” मी हसलो. आज लक्षात येतं की आठ महिने मी त्या मॉडेलचा अभ्यास केला. जी गाडी समोर उभी राहणार होती, तिच्यासाठी माझ्याकडे जेमतेम चाळीस मिनिटं होती.

मार्च 2024 मध्ये जाहिरात दिसली. 2017 चं मॉडेल, एमएच-02, पांढरी, 38 हजार किलोमीटर, 16 लाख 75 हजार. फोन केला तर तिकडून व्हॉट्सॲपवर लगेच मेसेज आला : ‘38,400 किमी ओरिजिनल. वांद्र्याच्या डॉक्टरांची गाडी. फक्त रविवारी बाहेर काढायचे.’ हा मेसेज मी पुसला नाही. या प्रकरणात माझ्या हातून झालेलं शहाणपणाचं काम ते एवढंच.

डीलरचं दुकान शहराच्या पूर्वेला. काचेचं शोरूम, कॉफीचं मशिन, आणि एक तिशीतला मुलगा. बोलायला गोड. “दादा, आधी गाडी बघा. पैशांचं नंतर बोलू. नाही आवडली तर कॉफी पिऊन जा.” गाडी बाहेर आणून चालूच ठेवलेली. मी सवयीने बॉनेटवर हात ठेवला. गरम होतं. तो म्हणाला, “तुम्ही येणार म्हणून एसी लावून ठेवला, दादा. ऊन किती आहे!” उन्हाचं खरंच होतं. मी त्याचे आभार मानले.

गरम बॉनेटचा अर्थ असा. टायमिंग चेन ताणून धरणारा टेन्शनर ऑइलच्या दाबावर चालतो. रात्रभर उभ्या राहिलेल्या इंजिनात हा दाब यायला एक-दोन सेकंद लागतात, आणि चेन सैल झाली असेल तर नेमकी त्या दोन सेकंदांत खडखडते. इंजिन गरम असेल तर ती बहुतेक वेळा गप्प बसते. हे मी वाचलेलं होतं. अहो, वाचून त्याची नोट काढलेली होती!

मग आरसी. मालकाच्या जागी एका प्रायव्हेट लिमिटेड कंपनीचं नाव. मी बोट ठेवून विचारलं. “डॉक्टरांचीच कंपनी आहे दादा, टॅक्ससाठी.” ब्रेक आणि ॲक्सिलरेटरचे रबर अगदी नवे, कडा धारदार. ड्रायव्हरच्या सीटचा दाराकडचा फुगवटा बाकीच्या लेदरपेक्षा किंचित जास्त चमकत होता. आता कळतं की त्याला रंग मारलेला होता. तेव्हा मनात म्हटलं, काय निगा राखलीय डॉक्टरांनी! जुन्या विमा पॉलिसीवर नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न घेतल्याबद्दल मिळणारी सूट, शून्य. कारण विचारलं तर “पॉलिसी नवीन काढलीय, म्हणून.” बोनस हा मालकाचा असतो, गाडीचा नाही. मालक तोच आणि बोनस शून्य, म्हणजे बहुधा आदल्या वर्षी क्लेम घेतलेला. हेही मला घरी आल्यावर आठवलं. माणसाला सगळं घरी आल्यावरच आठवतं.

टेस्ट ड्राइव्ह मस्त झाली. तिथेच माझा निकाल लागला होता, बाकीचे नुसते सहीचे सोपस्कार.

पैसे देताना तो म्हणाला, “पंधरा आरटीजीएस करा, पावणेदोन रोख द्या. रोख दोनच्या आत ठेवू, म्हणजे तुम्हालाही त्रास नको, आम्हालाही नको.” मी दिले. बिल झालं पंधरा लाखांचं. पावणेदोन लाख त्या दिवशी कागदावरून गायब झाले, आणि ते गायब करायला मी मदत केली. ‘दोनच्या आत’ हे त्याने किती सहज म्हटलं, ते मात्र आजही कानात आहे. दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेतली तर घेणाऱ्याला आयकराचा दंड बसतो. त्याला कायदा माझ्यापेक्षा चांगला पाठ होता.

डिलिव्हरी नोटवर खाली बारीक अक्षरांत होतं : गाडी जशी आहे तशी, पाहून व समाधान झाल्यावर घेतली. वर एक रकाना होता, ‘मीटर रीडिंग’. तो कोरा होता. बाकी सगळं छापील, इंजिन नंबर, चासी नंबर, चाव्या किती, सगळं भरलेलं. तेवढंच कोरं. मी सही केली, त्यांनी हार घातला, फोटो काढला. सुदैवाने त्याच वेळी मी हौसेने मीटरचाही फोटो काढला होता, 38,412.

शनिवारी संध्याकाळी गाडी निगडीला घरी आणली. 27 किलोमीटर. सोसायटीतली पोरं जमली, पेढे वाटले.

रविवारी सकाळी सात वाजता बटण दाबलं आणि खर्रर्र असा आवाज आला. दोन, फार तर तीन सेकंद. डब्यात खिळे टाकून हलवावेत तसा. मग एकदम शांत, रेशमी. बायको गॅलरीत उभी होती. तिने वरून विचारलं, “हा आवाज असाच असतो का?” मी म्हटलं, “स्पोर्ट्स गाडी आहे.”

गाडी तशीच भोसरीत बापूंच्या गॅरेजला नेली. बापू आधी एका मोठ्या वर्कशॉपमध्ये होते, आता स्वतःचं बघतात. त्यांनी काही न बोलता स्टिअरिंगखालच्या सॉकेटला स्कॅनर लावला. एरर कोड, म्हणजे गाडीने स्वतः नोंदवलेला बिघाड, एकही नाही. मी खूश. बापू म्हणाले, “थांबा.” अजून दोन पानं पुढे गेले आणि स्क्रीन माझ्याकडे वळवली. कोड पुसल्यापासून चाललेलं अंतर : 36 किलोमीटर.

शोरूम ते निगडी 27, निगडी ते बापू 9. म्हणजे मी आत बसून हार घालून घेत होतो तेव्हा बाहेर कुणीतरी गाडीतले सगळे कोड पुसले होते. खाली आणखी एक यादी होती. गाडीच्या स्वतःच्या तपासण्या, त्यांतल्या निम्म्यांपुढे ‘अपूर्ण’. कोड पुसले की या तपासण्याही कोऱ्या होतात, आणि पूर्ण व्हायला पुन्हा बरंच चालवावं लागतं. हे सगळं दीड हजार रुपयांच्या ब्लूटूथ स्कॅनरवर आणि मोबाइलवर दिसतं. तिथल्या तिथे, पाच मिनिटांत.

मग बापूंनी त्यांचा मोठा स्कॅनर काढला. अशा गाड्यांत किलोमीटर फक्त मीटरमध्ये नसतात, आणखीही एक-दोन ठिकाणी नोंद असते. मीटर मागे फिरवणारा घाईत ती विसरतो. गिअरबॉक्सच्या कंट्रोलरने आकडा सांगितला, एक लाख बारा हजारांच्या वर. बापूंनी चष्मा काढून पुसला. “साहेब, तुमचे डॉक्टर फार रविवार फिरलेत.”

पुढचे दोन महिने थोडक्यात. नाव माझ्यावर झाल्यावर आरसी घेऊन अधिकृत सर्व्हिस सेंटरला गेलो आणि चासी नंबरवरून जुना इतिहास मागितला. मालक मीच असल्याने त्यांनी प्रिंट दिली. शेवटची नोंद सप्टेंबर 2022, मीटर 96,214. त्या प्रिंटमध्ये ऑइल बदलायचं अंतरही दिसत होतं. दोनदा ते वीस हजारांच्या पुढे गेलेलं. कंपनीची गाडी, ड्रायव्हर चालवणार, ऑइलची फिकीर कुणाला? चेन का सैल झाली ते तिथेच कळलं. आणि या इंजिनात चेन पुढे नसते, गिअरबॉक्सच्या बाजूला असते. म्हणजे चेन बदलायची तर इंजिन किंवा गिअरबॉक्स उतरवावाच लागतो. सर्व्हिस सेंटरचं कोटेशन 3 लाख 80 हजार. बापूंनी एका ओळखीच्या माणसाबरोबर मिळून 2 लाख 15 हजारांत केलं, त्यात गिअरबॉक्सचं ऑइलही बदललं, कारण त्याची वेळ केव्हाच उलटून गेली होती. माझा ‘दुरुस्ती राखीव’चा रकाना पहिल्या फटक्यात संपला.

डीलरकडे तीनदा गेलो. पहिल्यांदा कॉफी मिळाली. दुसऱ्यांदा “दादा, आम्हाला पण मालकाने तशीच दिली.” तिसऱ्यांदा तो मुलगा नव्हताच, त्याच्या जागी दुसरा होता आणि त्याने मला ‘सर’ म्हटलं. पोलिसांनी अर्ज घेतला आणि हे दिवाणी प्रकरण दिसतंय असं सांगितलं. 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, पण डीलरने उत्तरच दिलं नाही. शेवटी जिल्हा ग्राहक आयोगात गेलो. दिलेली रक्कम 50 लाखांपर्यंत असेल तर तिथे जाता येतं, मुदत दोन वर्षांची. 10 ते 20 लाखांच्या व्यवहाराला फी चारशे रुपये, आणि वकील लावलाच पाहिजे असं नाही. मी लावला, कारण मला तोवर स्वतःच्या अकलेचा भरवसा राहिला नव्हता.

वकीलबाईंनी सगळे कागद बघितले. व्हॉट्सॲपचा मेसेज, मीटरचा फोटो, सर्व्हिसची प्रिंट बघून म्हणाल्या, बरं आहे. डिलिव्हरी नोटवरचा कोरा रकाना बघून काही बोलल्या नाहीत, फक्त त्यावर पेन्सिलने गोल काढला. पावणेदोन लाखांचं सांगितल्यावर त्यांनी पेन खाली ठेवलं. मग विचारलं, “डीलरकडे आरटीओचं अधिकृतता प्रमाणपत्र होतं का?” जुन्या गाड्यांच्या डीलरना ते घ्यावं लागतं, 22 डिसेंबर 2022 च्या अधिसूचनेने हा नियम आला आणि 1 एप्रिल 2023 पासून लागू झाला. मला तो शब्दच पहिल्यांदा ऐकायला मिळत होता. आठ महिन्यांच्या अभ्यासात इंजिनाच्या बोल्टचा टॉर्क होता, हे नव्हतं.

तारखा चालू आहेत. मध्यंतरी डीलरकडून सव्वा लाखात मिटवायचा निरोप आला होता. घेतला नाही. बरोबर केलं की चूक, माहीत नाही. बायकोच्या मते चूक.

गाडी माझ्याकडेच आहे. चेन बदलल्यापासून छान चालते, हे कबूल करताना थोडी लाज वाटते.

परवा भाच्याला एक जुनी सेडान बघायची होती, वाकडला, एका माणसाच्या घरी. फोनवर ठरवताना मी सांगितलं होतं, आम्ही येईपर्यंत गाडी चालू करू नका. रविवारी सकाळी साडेसातला पोचलो. स्कॅनर खिशात, रंगाचं यंत्र भाच्याच्या हातात. मी बॉनेटवर हात ठेवला. गरम. मालक म्हणाले, दूध आणायला गेलो होतो जरा. मी म्हटलं, काही घाई नाही, गार होईपर्यंत बसतो आम्ही, तीन-चार तास. पायरीवर बसलोसुद्धा. पाच मिनिटांनी मालकांना आठवलं की त्यांना तळेगावला लग्नाला जायचंय.