न्यू जर्सीचे ॲटर्नी जनरल कार्यालय : ग्राहकाच्या दृष्टीने

न्यू जर्सीत नवे घर घेतलेल्या मराठी माणसाला छपराच्या फसलेल्या कामाबद्दल ‘ॲटर्नी जनरलच्या कार्यालयाकडे तक्रार करा’ असे कोणी सुचवले, तर तो प्रथम गोंधळतो, आणि त्याचे गोंधळणे रास्त आहे. महाराष्ट्राचे महाधिवक्ता घटनेच्या अनुच्छेद १६५नुसार राज्य सरकारला कायदेशीर सल्ला देतात आणि न्यायालयात सरकारची बाजू मांडतात; ठेकेदाराने पैसे बुडवले म्हणून त्यांच्या दारात कोणी जात नाही. न्यू जर्सीचे ॲटर्नी जनरलही सरकारचे मुख्य वकील आहेत, परंतु राज्य पोलीस दल त्यांच्याच खात्यात मोडते, २१ काउंट्यांच्या (म्हणजे जिल्ह्यांसारख्या विभागांच्या) सरकारी अभियोक्त्यांवर त्यांची देखरेख असते आणि ग्राहक व्यवहार विभागही त्यांच्याच अखत्यारीत येतो.

अमेरिकेच्या बहुतेक राज्यांत हे पद निवडणुकीने भरले जाते. न्यू जर्सीत गव्हर्नर (राज्याचे निवडून आलेले प्रमुख) राज्याच्या सिनेटच्या, म्हणजे विधिमंडळाच्या वरिष्ठ सभागृहाच्या, संमतीने नेमणूक करतात, आणि इतर बहुतेक खातेप्रमुख गव्हर्नरच्या मर्जीवर अवलंबून असताना ॲटर्नी जनरलची मुदत मात्र राज्यघटनेने गव्हर्नरच्या कार्यकाळाशी बांधली आहे. मला ही रचना निवडणुकीपेक्षा बरी वाटते, कारण पदावरील व्यक्तीला मतेही मागावी लागत नाहीत आणि उद्या काढून टाकतील ही धास्तीही राहत नाही. २०१८ साली आलेले गुरबीर ग्रेवाल हे अमेरिकेतील कोणत्याही राज्याचे पहिले शीख ॲटर्नी जनरल होते. २०२२ साली पदावर आलेल्या मॅथ्यू प्लॅटकिन यांनी पुढच्याच वर्षी पॅटरसन शहराच्या पोलीस दलाचा कारभार थेट आपल्या हाती घेतला. या पदाचे अधिकार कुठवर पोहोचतात, हे त्यावरून कळावे.

आता प्रत्यक्ष सेवेविषयी. ग्राहक व्यवहार विभागाचे कार्यालय न्यूअर्कच्या हॅल्सी स्ट्रीटवर असले, तरी तिथे जाण्याची गरज सहसा पडत नाही. तक्रार ऑनलाइन करता येते. माझ्या मते या विभागाची सर्वांत उपयुक्त सोय तक्रारीची नसून तिच्या आधीची आहे. घरदुरुस्ती करणाऱ्या ठेकेदाराची नोंदणी संकेतस्थळावर पाहता येते (नोंदणी क्रमांकाची सुरुवात ‘१३व्हीएच’ अशी असते), आणि ५०० डॉलरहून मोठ्या कामाचा करार लेखी असावाच लागतो. असा करार त्याची प्रत हाती आल्यापासून तीन कामकाजी दिवसांत रद्दही करता येतो. ओळखीतल्या कोणी शिफारस केली म्हणून तोंडी व्यवहारावर आगाऊ रक्कम देऊन टाकणाऱ्या आपल्या मंडळींनी ही पाच मिनिटांची तपासणी अवश्य करावी.

तक्रार दाखल केल्यानंतर मात्र अपेक्षा आवरत्या घ्याव्या लागतात. हा विभाग तुमचा वकील होत नाही. तो तक्रार काउंटीच्या ग्राहक कार्यालयाकडे पाठवू शकतो, दोन्ही बाजूंत मध्यस्थी करू शकतो, आणि एकाच व्यावसायिकाविरुद्ध पुष्कळ तक्रारी साचल्या तर १९६०च्या ग्राहक फसवणूक कायद्याखाली कारवाई करू शकतो. त्यातील दंड पहिल्या उल्लंघनाला १०,००० डॉलरपर्यंत असतो. केवळ स्वतःचे पैसे परत हवे असतील, तर ५,००० डॉलरपर्यंतच्या दाव्यांसाठी असलेले लघुवाद न्यायालय अनेकदा अधिक सरळ मार्ग ठरते. ग्राहक फसवणूक कायद्याखाली स्वतः दावा लावून तो जिंकल्यास नुकसानीच्या तिप्पट रक्कम आणि वकिलाची फीसुद्धा मिळते. सरकारी चौकशीची वाट पाहत बसणाऱ्यांना ही तरतूद बहुधा माहीतच नसते, आणि या सेवेतील मोठी उणीव मला हीच दिसते: आपल्याकडून काय होणार नाही, हे तिने ग्राहकाला आरंभीच ठळकपणे सांगायला हवे.

याउलट सदोष नव्या गाड्यांसाठीचा ‘लेमन लॉ’ विभाग निःसंकोच शिफारस करावी असा आहे. गाडी घेतल्यापासून दोन वर्षे किंवा २४,००० मैल, यांपैकी जे आधी पूर्ण होईल तोपर्यंत, एकच मोठा दोष तीन दुरुस्त्यांनंतरही कायम राहिला किंवा गाडी एकूण २० दिवस गॅरेजमध्ये पडून राहिली, तर ५० डॉलर शुल्क भरून वाद सुनावणीसाठी नेता येतो. वकील लावणे सक्तीचे नाही. अट एवढीच, की त्यापूर्वी उत्पादक कंपनीला सर्टिफाइड टपालाने पत्र पाठवून दुरुस्तीची शेवटची संधी द्यावी लागते. ते पत्र विक्रेत्याच्या पत्त्यावर न पाठवता उत्पादकाच्याच पत्त्यावर पाठवावे आणि दुरुस्तीची प्रत्येक पावती पहिल्या दिवसापासून जपून ठेवावी.