८×४२ दुर्बीण: अकरा महिने गळ्यात

आधीची दुर्बीण १०×४२ होती, म्हणजे दहापट मोठं दाखवणारी, पुढची भिंगं ४२ मिलिमीटर रुंद. तिच्यातून मला पक्ष्यांपेक्षा फांद्याच जास्त दिसल्या. पक्षी दहापट दिसतो खरा, पण हाताचा कंपही दहापट होतो. शिवाय एका वेळी दिसणारा घेर लहान, त्यामुळे वटवट्याला दुर्बिणीत धरेपर्यंत तो तिसऱ्या झाडावर. म्हणून गेल्या ऑगस्टमध्ये ८×४२ घेतली.

पहिली सहल जॉर्जियातल्या बातुमीची, सप्टेंबरच्या सुरुवातीला. काळा समुद्र आणि डोंगर यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्टीतून एका हंगामात दहा लाखांहून जास्त शिकारी पक्षी दक्षिणेला जातात. तेव्हा मधुबाजांचा जोर होता. घिरट्या घालणारा अख्खा थवा एका नजरेत मावायचा, हे सुख १०× मध्ये नव्हतं. मधुबाज आणि साधा बाज रंगावरून वेगळे करायच्या फंदात पडू नये. मधुबाजाचे रंग कसेही असतात. लहान डोकं, पुढे काढलेली मान, लांब शेपटी, घिरटी घेताना सपाट पंख, हे बघायचं. बाज पंख किंचित वर उचलून धरतो. तिसऱ्या दिवशी हे आपोआप दिसायला लागलं.

जानेवारीत भरतपूर. पहाटेचं धुकं, बाभळीत काहीतरी चुळबुळतंय. ४२ भागिले ८ म्हणजे डोळ्यात सव्वापाच मिलिमीटरचा प्रकाशझोत. १०× मध्ये तो ४.२. कागदावर हा फरक किरकोळ वाटतो, त्या उजेडात नाही. मळकट तपकिरी वटवट्या, पंखावर पट्टी नाही, म्हणजे ह्यूम्स वॉर्बलर हा दुसरा वटवट्या बाद. पाय काळे. आणि दर दोन उड्यांनी शेपटी खाली झटकतोय. चिफचाफ! मे महिन्यात डॅन्यूबच्या त्रिभुज प्रदेशात त्याचा युरोपी भाऊबंद स्वतःचं नाव घोकत बसला होता. शेजारच्या झुडपात विलो वॉर्बलर, अंगाने जवळजवळ तसाच, पण पाय फिकट आणि पंखाची टोकं लांब. तिथे सगळं निरीक्षण बोटीतून. हलत्या बोटीत झोळीवाल्यांचा, म्हणजे पेलिकनचा, थवा स्थिर दिसला, तेव्हा पैसे वसूल झाले.

जमलं नाही ते थायलंडमधल्या पाक थालेच्या मिठागरांत. स्पून-बिल्ड सँडपायपर, चमच्यासारख्या चोचीचा चिमुकला तुतारी पक्षी, जगात काही शेच उरलेला. बाजूने पाहिलं तर चमचा दिसतच नाही, आणि आजूबाजूला तशाच दिसणाऱ्या रेड-नेक्ड स्टिंट पक्ष्यांची गर्दी. चोच पाण्यात डावी-उजवीकडे फिरवत चरणारा एक पक्षी मी हेरला, पण खात्री शेजाऱ्याच्या स्पॉटिंग स्कोपमधूनच, म्हणजे तिपाईवरच्या एकनळी दुर्बिणीतूनच, झाली. लांबच्या किनारी पक्ष्यांसाठी ही दुर्बीण पुरत नाही, आणि तिच्याकडून ती अपेक्षाही करू नये.

तक्रारी दोनच. उजव्या डोळ्याकडचं फिरवून वर येणारं रबर चौथ्या महिन्यात ढिलं पडलं. मी चष्मेवाली, रबर खालीच ठेवते, म्हणून निभावलं. कंपनीने मात्र दोन मेलना उत्तर दिलेलं नाही. सोबत आलेला पट्टा मानेत रुततो. वजन सातशे ग्रॅमच्या आसपास आहे, दुपारपर्यंत जाणवतंच. दोन्ही खांद्यांवरून जाणारा हार्नेस लावला आणि तो प्रश्न मिटला.

जुनी १०×४२ भावाने नेली. तो ती तिपाईवर लावून वापरतो.