विंडोज ११ वरून पुन्हा १० वर: फोंड्यातल्या लॅपटॉप दुकानाचा अनुभव

लॅपटॉपवरचं विंडोज ११ काढून १० घालून देणारे गोव्यात आमच्या फोंड्यात बरेच मिळतील. 'ठेवून जा, संध्याकाळी न्या' म्हणणारेही मिळतील. वरच्या बाजारातलं हे दुकान तसलं नाही. घाईत असाल तर इथल्या मुलाचा राग येईल. मलाही आला होता.

मी बांदोड्याला घरीच डीटीपी करते. लग्नपत्रिका, देवस्थानांची पावतीपुस्तकं, आणि जत्रा सुरू झाल्या की नाटकांची हँडबिलं. सगळं काम युनिकोडच्या आधीच्या मराठी फॉन्टमध्ये. त्या फॉन्टचं सॉफ्टवेअर यूएसबीला डोंगल, म्हणजे पेनड्राइव्हसारखी दिसणारी परवान्याची चावी, लावल्याशिवाय उघडत नाही. चवथीला भाचा घरी होता, लॅपटॉप अपग्रेडचं विचारत होता, त्याने 'हो' म्हणून टाकलं. विंडोज ११ आलं, दिसायला देखणं, पण डोंगल ओळखेना. डोंगलवाल्यांनी नवा ड्रायव्हर (विंडोजला ते उपकरण ओळखायला लावणारा छोटा प्रोग्रॅम) काढलेला नाही, आणि आता काढतील असं वाटत नाही. म्हणजे जुन्या सगळ्या फाइली कुलपात.

अपग्रेडनंतर १० दिवसांच्या आत असाल तर दुकानात जाऊच नका. सेटिंग्ज, सिस्टीम, रिकव्हरी इथे 'गो बॅक' असं बटण असतं. तोवर जुनं विंडोज सी ड्राइव्हवर 'विंडोज डॉट ओल्ड' या फोल्डरात राखलेलं असतं, त्यामुळे परत जाता येतं आणि आपल्या फाइलीही जागेवर राहतात. मधल्या काळात घातलेले प्रोग्रॅम तेवढे जातात. आमच्याकडे चवथ पाच दिवसांची, त्यानंतर पाहुण्यांची ये-जा; पहिली पत्रिका करायला बसले तेव्हा मुदत टळून गेली होती. आता उरलं फक्त सगळं पुसून नव्याने १० घालणं.

दुकानात गेले, काम सांगितलं. मुलाने लॅपटॉप उघडलाही नाही. म्हणाला, "काकी, तुमकां धा कित्याक जाय?" मी म्हटलं, हवंय म्हणून. तर म्हणे आधी काय बिघडलंय ते दाखवा. डोंगल लावून बघितलं, मग विंडोज सिक्युरिटीत जाऊन 'मेमरी इंटिग्रिटी' नावाची एक सोय चालू आहे का ते तपासलं. ही चालू असली की जुने ड्रायव्हर अडवले जातात, ती बंद केल्यावर कधीकधी तेवढ्यावर भागतं, आणि तसं झालं असतं तर त्याने माझ्याकडून काही घेतलं नसतं. नाही भागलं. मग त्याने ११ च्याच आत व्हर्च्युअल मशीनमध्ये, म्हणजे संगणकातल्या संगणकात, १० चालवायचा पर्याय सांगितला, पण माझी रॅम आठ जीबी, त्यातच दोन विंडोज आणि वर पानांची जुळणी. तो विचार त्याने स्वतःच सोडला.

शेवटची सूचना मात्र दोनदा दिली: विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. २०१५ च्या जुलैत आलेलं, दहा वर्षं चाललं. आता घरगुती वापरासाठी एक वर्ष जादा सुरक्षा अपडेट मिळतात, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत, त्यासाठी मायक्रोसॉफ्ट खात्याने नोंदणी करावी लागते आणि विंडोज १० ची आवृत्ती २२एच२ असावी लागते. हे ऐकूनही हवंय का, असं विचारलं. हवंच होतं.

तेव्हा कुठे काम सुरू झालं, आणि तेही पुसण्यापासून नाही. डिस्क एन्क्रिप्ट केलेली, म्हणजे किल्लीशिवाय वाचता येणार नाही अशी कुलूपबंद, आहे का ते बघितलं. माझी होती, मला पत्ताच नव्हता. मायक्रोसॉफ्ट खात्यात जाऊन ते कुलूप उघडणारी ४८ आकडी रिकव्हरी की मला माझ्याच हाताने कागदावर उतरवायला लावली. माझ्या बाहेरच्या हार्डडिस्कवर पूर्ण ड्राइव्हची प्रत घेतली आणि माझ्यासमोर त्यातली एक जुनी पत्रिका उघडून दाखवली. हे मला फार आवडलं. 'बॅकअप घेतला' असं सांगणारे पुष्कळ असतात.

मग लॅपटॉप कंपनीच्या साइटवरून विंडोज १० चे ड्रायव्हर उतरवून पेनड्राइव्हवर घेतले, वायफायचा सगळ्यात आधी, कारण तो नसला तर बाकीचे आणायचे कुठून. डिस्कच्या कंट्रोलरचा ड्रायव्हरही त्यातच. तो का, ते इन्स्टॉल सुरू झाल्यावर कळलं. माझा लॅपटॉप इंटेलच्या ११व्या पिढीचा. विंडोज १० च्या इन्स्टॉलरला यातल्या काही मशीनवरची एसएसडी दिसतच नाही, डिस्क सांभाळणारी इंटेलची व्हीएमडी नावाची व्यवस्था मध्ये असते म्हणून. पडद्यावर डिस्कची यादी रिकामी! माझ्या पोटात गोळा आला. त्याने 'लोड ड्रायव्हर' करून पेनड्राइव्ह दाखवला, डिस्क आली. या टप्प्यावर 'एसएसडी गेली, नवी घाला' असं सांगणारा भेटला असता तर मी निमूट पैसे मोजले असते.

परवान्याचे पैसे लागत नाहीत, हेही लक्षात ठेवा. लॅपटॉपवर विंडोज आधी रीतसर चालू असेल तर तो परवाना मदरबोर्डला जोडलेला असतो, १० घातल्यावर नेटला लागताच आपोआप ॲक्टिव्हेट होतो. आवृत्ती मात्र तीच हवी. आपल्याकडे दुकानातल्या बऱ्याच लॅपटॉपवर 'होम सिंगल लँग्वेज' असते; तिथे कोणी प्रो घालून दिलं तर ते ॲक्टिव्हेट होणार नाही, आणि मग चोरीची की चिकटवली जाते. इथे आवृत्ती आधीच बघून ठेवली होती.

कारखान्यातूनच विंडोज ११ घेऊन आलेल्या लॅपटॉपचं काम हा मुलगा सहसा घेत नाही. कंपनी १० चे ड्रायव्हर देतेच असं नाही, शिवाय १२व्या पिढीपासून इंटेलच्या बऱ्याच प्रोसेसरमध्ये दोन प्रकारचे कोअर (प्रत्यक्ष काम करणारे भाग) असतात आणि त्यांना कामं वाटून देणं ११ ला जास्त चांगलं जमतं. माझ्यासमोर एका गिऱ्हाइकाला त्याने परत पाठवलं. गिऱ्हाईक रागावून गेलं.

आता तक्रारी. दुकान दुपारी एकला बंद होतं ते चारला उघडतं, फोन त्या वेळात उचलतच नाहीत, आणि सकाळीही उचलतील याचा भरवसा नाही. बसायला एकच स्टूल. गाडी लावायची तर देवाचं नाव घ्या. न विचारता लॅपटॉपवर कसलासा 'क्लीनर' प्रोग्रॅम घातला होता, तो मी घरी येऊन काढला. मराठी कीबोर्ड घातला नव्हता. विंडोज १० मध्ये मराठी फोनेटिक कीबोर्ड आहे, भाषेच्या सेटिंगमधून मिनिटात बसतो, पण मराठीत काम करणाऱ्या बाईचा लॅपटॉप हातात असताना हे सुचायला हवं होतं. आणि पावती मागितल्यावर मिळाली, तीसुद्धा कोऱ्या कागदावर. पावतीपुस्तकं छापणारीला कोऱ्या कागदावर पावती! मी दर सांगून आले आहे.

खर्च बाराशे रुपये, बॅकअप धरून. डोंगल पहिल्या फटक्यात ओळखला गेला. टास्कबार पुन्हा पडद्याच्या डाव्या कडेला लावलाय, ११ मध्ये ती सोय नव्हती.

जादा अपडेटची नोंदणी त्याने दुकानातच करून दिली. ऑक्टोबर २०२६ नंतर हा लॅपटॉप नेटपासून तोडायचा, मेल आणि बँक दुसऱ्या मशीनवर, फाइली पेनड्राइव्हने न्यायच्या, असं आमचं ठरलंय. जायचं तर सकाळी दहाच्या सुमाराला जा, आणि हार्डडिस्क घरून न्या, त्याच्याकडची महाग पडते. पाचपैकी चार तारे.