थिबा पॅलेसजवळच्या घरगुती खोलीत तीन रात्री

लेकीच्या परीक्षेसाठी देवरुखहून रत्नागिरीला आलो. केंद्र मारुती मंदिराच्या बाजूला. एसटी स्टँडजवळच्या लॉजवर राहायचं जिवावर आलं होतं, तेवढ्यात मावसबहिणीनं थिबा पॅलेसजवळची ही खोली सांगितली. जुनं चिरेबंदी घर, माडीवर दोन खोल्या. जेवणाखाण्यासकट माणशी सातशे रुपये.

खोली साधी, पण चादरींना उन्हाचा वास होता. पहिल्या पेपराच्या सकाळी काकूंनी घावणे घातले. पहिला घावणा तव्यावरच फाटला, तर त्यांनी तो स्वतःच्या ताटलीत काढून घेतला. "परीक्षेला जाणाऱ्या पोरीला अख्खाच द्यायचा," म्हणाल्या. सोबत ओल्या नारळाची चटणी. मी ते विसरणार नाही.

लेकीला सोडलं की मला तीन तास मोकळे. राजवाड्याच्या अर्धगोल लाकडी खिडक्यांपुढे बराच वेळ उभी राहिले. ब्रह्मदेशच्या थिबा राजाला इंग्रजांनी १८८६ साली रत्नागिरीत आणून ठेवलं, हा राजवाडा तयार झाला १९१० साली आणि १९१६ साली राजा गेला. तीस वर्षांच्या बंदिवासात इथली जेमतेम सहा वर्षं. दुसऱ्या दिवशी शिवाजीनगरात त्याची समाधी पाहिली. आजूबाजूला लोकांची घरं, वाळत घातलेले कपडे. कुठला राजा आणि कुठे येऊन विसावला! मला भरून आलं.

हा सगळा भाग असाच आहे. जांभ्याचे गडगे, आवारात आंबा-फणस, मधेच नव्या अपार्टमेंट. दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नसतं, त्यामुळे अभ्यासाला उत्तम. संध्याकाळी थिबा पॉइंटवर मात्र सगळी आळी लोटते. खाली भाट्याची खाडी, तिच्यावरचा पूल, पुढे समुद्र. शेवटच्या पेपरच्या आदल्या दिवशी लेक पुस्तक मिटून तिथे तासभर बसली, आणि त्या रात्री पहिल्यांदा तिला शांत झोप लागली.

उणं सांगायचं तर न्हाणीघर खाली आहे, गुडघेदुखीवाल्यांना जिना जड जाईल. पाण्याचा पंप खोलीच्या अगदी खालीच. पहिल्या पहाटे लेक दचकून उठली. काकूंना सांगितल्यावर मात्र त्यांनी आम्ही बाहेर पडेपर्यंत तो लावला नाही. रात्री आठनंतर रिक्षा लवकर मिळत नाही, आधी सांगून ठेवा.

खोली पूर्वेकडचीच मागा, पश्चिमेकडची दुपारी फार तापते.