कागदपत्रांविना आजारी पडलात तर: फ्रान्स आणि जर्मनी

आरोग्याचा हक्क मानणारा १९६६चा आंतरराष्ट्रीय करार दोन्ही देशांना मान्य आहे. फरक पडतो तो खिडकीपाशी.

फ्रान्समध्ये २०००पासून कागदपत्रं नसलेल्या स्थलांतरितांसाठी सरकारी वैद्यकीय मदत योजना आहे. उत्पन्न कमी हवं आणि तीन महिन्यांहून जास्त काळ देशात बेकायदा राहिल्याचा पुरावा हवा. म्हणजे लपून राहणाऱ्यानेच पावत्या जपून ठेवायच्या! पण कार्ड मिळालं की वर्षभर डॉक्टर, औषधं, इस्पितळ यांचा बहुतेक खर्च सरकार उचलतं.

जर्मनीतही हक्क आहे, १९९३च्या कायद्याने: तीव्र आजार, वेदना, बाळंतपण. मधुमेहासारख्या जुनाट दुखण्याचं त्यात स्पष्ट नाव नाही. खरी गोम पुढे आहे. साध्या उपचारासाठी समाजकल्याण कार्यालयाची चिठ्ठी लागते आणि त्या कार्यालयाला परदेशी नागरिक खात्याला कळवणं बंधनकारक आहे. तातडीच्या उपचारांत गुप्तता पाळली जाते, म्हणून माणसं दुखणं तिथवर जाईपर्यंत अंगावर काढतात. असा हक्क असून नसल्यासारखाच. बर्लिनसारख्या काही ठिकाणी निनावी चिठ्ठी मिळते. इतरत्र भिस्त स्वयंसेवी डॉक्टरांवर.

पावत्यांची कटकट धरूनही मला फ्रान्सची पद्धत बरी वाटते.