टेक्श्चरवाल्या बाह्या की सपाट? सोलापूरच्या वाऱ्यात आणि गवतात

हिवाळा जवळ आला की आमच्या सकाळच्या मंडळींत हा विषय हमखास निघतो. सायकलच्या सामानावर खळगे, पन्हाळी, खवले काढले की हवा खरंच कमी अडते का? या उठावदार पोताला टेक्श्चर म्हणतात. यंदा दोघं जण जर्सी, म्हणजे सायकल चालवताना घालायचा घट्ट शर्ट, घ्यायच्या बेतात आहेत. मी दोन्ही वापरल्या आहेत, म्हणून लिहितो. एक जर्सी बाह्यांवर हाताच्या लांबीने बारीक पन्हाळी असलेली. दुसरी त्याच मापाची, तितकीच अंगाला घट्ट बसणारी, पण बाह्या साफ सपाट. पहिली दोन हिवाळे घातली, तिसऱ्यापासून दुसरी.

चाकांचं आधी उरकून घेतो. झिप या चाकांच्या कंपनीच्या रिमवरचे खळगे पाहिले की सगळ्यांना गोल्फचा चेंडू आठवतो. पण चेंडू बोथट असतो. हवा त्याच्या अंगावरून लवकर सुटते आणि मागे मोठी पोकळी राहते, तीच त्याला मागे ओढते. खळग्यांमुळे अंगालगतचा हवेचा पातळ थर खळबळतो, जास्त वेळ चिकटून राहतो आणि पोकळी लहान होते. खोल रिम मुळातच निमुळती असते. तिच्यावरून हवा तशीही बरीचशी चिकटूनच जाते, त्यामुळे खळग्यांना करायला काम थोडंच उरतं. रिडले या सायकल कंपनीने फ्रेमवर खरबरीत पट्ट्या दिल्या होत्या, त्यांच्याबाबतही मला असंच वाटतं. बाभळीच्या काट्यांच्या मुलखात राहणाऱ्याने हे पैसे ट्यूबलेस टायर आणि काट्याचं भोक बुजवणाऱ्या सीलंटवर घालावेत.

बाह्यांचं मात्र तसं नाही. हात हा वाऱ्यात धरलेला दांडाच आहे, चेंडूसारखाच बोथट. शिवाय एकूण हवेच्या अडथळ्यातला बहुतांश वाटा सायकलचा नसून आपल्या अंगाचा असतो. म्हणजे टेक्श्चर कुठे उपयोगी पडायचं असेल तर ते इथेच. 2017च्या टूर द फ्रान्सची सुरुवात ड्युसेलडॉर्फला 14 किलोमीटरच्या टाइम ट्रायलने, म्हणजे एकेकट्याने घड्याळाशी करायच्या शर्यतीने, झाली. तिथे टीम स्कायचे रायडर बाह्यांवर आणि खांद्यांवर ठिपके उठवलेले सूट घालून उतरले. प्रतिस्पर्ध्यांनी तक्रार केली, पंचांनी ती मानली नाही, आणि त्याच संघाचा गेरेंट थॉमस जिंकला, तोही ओल्या रस्त्यावर. पुढे यूसीआयने, म्हणजे सायकलिंगच्या जागतिक संघटनेने, नियम कडक केले. आता कपड्यावरचा उठाव विणीतून किंवा शिवणीतूनच आलेला असावा लागतो, आणि तोही 1 मिलिमीटरच्या आत. काहीच फरक पडत नसता तर मिलिमीटर मोजायची वेळ आली नसती.

पण थॉमसचा त्या दिवशीचा सरासरी वेग ताशी 52 किलोमीटर होता. टेक्श्चरची जादू एका ठरावीक वेगापासून पुढे चालते, आणि तो वेग हाताच्या जाडीवर आणि वीण किती भरड आहे त्यावर ठरतो. भरड वीण कमी वेगाला जागी होते, बारीक वीण जास्त वेगाला. बाजारात मिळणाऱ्या चांगल्या जर्सींची वीण शर्यतीचा वेग डोळ्यांसमोर ठेवून केलेली असते. आपण हौशी माणसं ताशी तीस किलोमीटरच्या आसपास चालवतो. त्या वेगाला ती वीण अर्धवट झोपेत असते, असा माझा अनुभव.

यात एक गोष्ट मात्र टेक्श्चरच्या बाजूने सांगायलाच हवी. हवेला रस्त्यावरचा वेग कळत नाही, तिला समोरून येणारा वेग कळतो. जुलैत पश्चिमेचा वारा सुटलेला असताना सोलापूरच्या वेशीवरचं बाळे ओलांडून पुणे हायवेने मोहोळकडे निघा. सायकल कशीबशी 25ने चाललेली असते आणि वारा 20ने अंगावर येत असतो. हाताला लागणारी हवा मग 45ची होते. अशा दोन-तीन सकाळी मला पन्हाळीच्या बाह्यांत दंड हलके वाटले. त्याच रस्त्यावर दोन्ही जर्सींनी प्रत्येकी पाच-सहा फेऱ्या केल्या. वेळेत फरक आला, पण तो जर्सीपेक्षा त्या दिवशीच्या वाऱ्याचा जास्त असावा. एवढ्यावरून कुणी छातीठोक बोलू नये, मीही बोलत नाही.

माझ्या सासऱ्यांची उमर टॉवेलच्या मागावर गेली. त्यांनी बाही अंगठा आणि तर्जनीत धरून चोळली, उजेडाकडे ताणून पाहिली आणि म्हणाले, "जावईबापू, वीण ताणावर आहे तोवर उभी आहे. सैल पडली की निजणार." तसंच झालं. दुसऱ्या वर्षी कोपराच्या वर बाही थोडी ढिली पडली आणि तिथे चुण्या पडू लागल्या. बाही फडफडायला लागली की टेक्श्चरने कमावलेलं सगळं जातं, वर पदरचंही जातं. सपाट जर्सीही सैल होतेच, पण तिची किंमत पन्हाळीच्या जर्सीच्या निम्मी होती, त्यामुळे बदलताना जीव खालीवर होत नाही.

तरीही मी पन्हाळीची जर्सी यामुळे सोडली नाही. ती सोडवली कुसळांनी.

ऑक्टोबरात बार्शी रस्त्याने परतताना नान्नजच्या अलीकडे पंक्चर झालं. कडेच्या गवतात बसून ट्यूब बदलली, जेमतेम पंधरा मिनिटं. माळढोक पक्ष्याच्या माळावरचं ते कुसळी गवत तेव्हा नुकतंच पिवळं पडलेलं. उठून हात झटकले आणि निघालो. दोनेक किलोमीटरवर कोपराच्या आतल्या बाजूला टोचायला लागलं. कुसळाचं टोक सुईसारखं, त्यावर उलटे केस आणि मागे लांब पिळदार शेपटी. ओल लागली की ती शेपटी फिरते आणि बी पुढे सरकतं. जमिनीत रुजायला निसर्गाने दिलेली ती सोय. माझ्या बाहीत ती ओल घामाची होती. पन्हाळीच्या दोन कण्यांमधल्या खाचेत कुसळ बसलं की तळहाताने पुसून निघत नाही, उलट आत जातं. शेवटी रस्त्याच्या कडेला थांबून जर्सी उलटी केली आणि आतून एकेक टोक नखाने धरून ओढलं. सतरा निघाली. उरलेली धुण्यात सुटली आणि मुलाच्या शाळेच्या सदऱ्यात जाऊन रुतली. तो सकाळी प्रार्थनेला उभा राहून पाठ खाजवत होता.

त्यानंतर जपून बसायला लागलो, तरी दर चार-पाच राइडला हे व्हायचंच. सपाट बाहीवरही कुसळं चिकटतात, पण उभ्या उभ्या हात फिरवला की बहुतेक गळून पडतात. आणि आपल्याकडे सायकल मनापासून चालवायचे दिवस कुठले? उन्हाळ्यात पारा 43च्या घरात जातो, आठच्या आत घरी यावं लागतं. दसऱ्यापासून माघापर्यंतचे दिवस खरे आपले, आणि माळावर कुसळंही तेव्हाच वाळलेली असतात.

तुम्ही टाइम ट्रायलला उतरत असाल, 40च्या वर टिकून राहत असाल आणि पुणे हायवे सोडून कुठे जात नसाल, तर टेक्श्चरवाली घ्या. तिच्यात तथ्य आहे, हे मी मानतो. मात्र माप घट्ट घ्या. दुकानात कोपर दुमडून बघा, बाहीवर एकही चुणी दिसली तर एक माप खाली उतरा. बार्शी, अक्कलकोट, तुळजापूर असं मोकळं हिंडणार असाल, रस्त्याकडेला बसून चहा पिणार असाल, तर मी सपाटच घ्या म्हणेन. उरलेल्या पैशांत तिघाचौघांना सोबत घ्या आणि आळीपाळीने वारा अडवत चाला. पुढच्याच्या चाकामागे जो आडोसा मिळतो, त्याच्यापुढे बाहीवरच्या पन्हाळी काहीच नाहीत.

माझी जुनी जर्सी कपाटात घडी करून ठेवली आहे. जुलैत मोहोळच्या रस्त्यावर वारा सुटला की काढतो. तेव्हा गवत हिरवं असतं.